नाड्याचा वळ, पांढरा डाग आणि कॅन्सर: त्वचेतले पहारेकरी कधी मारतात, कधी सोडून देतात?

कमरेला नाडा घट्ट बांधला की वळ पडतो. उन्हाळ्यात त्या वळाखाली घाम साचतो, खाज सुटते. खाजवून खाजवून तिथली कातडी काळी आणि जाड होते. कधी तिचा रंग उडतो, कधी साल निघते. आईच्या कमरेला तो पट्टा असतो, आजीच्याही असतो. त्यामुळे त्याबद्दल कुणी बोलत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मात्र डॉक्टर त्याबद्दल बोलले. वर्ध्याचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि बिहारमधलं मधुबनी मेडिकल कॉलेज इथल्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात दोन बायकांची माहिती छापली. पहिली सत्तरीची. कमरेच्या उजव्या बाजूला दीड वर्षं न भरणारी जखम, आणि भोवतालच्या कातडीचा रंग गेलेला. दुसरी साठीच्या शेवटाला आलेली. तिने चाळीस वर्षं रोज लुगडं नेसलं होतं, आत परकर न घालता, थेट कमरेला आवळून. तिची जखम दोन वर्षांची होती. दोघींच्याही जखमेचा तुकडा तपासला, तर त्वचेचा कॅन्सर निघाला. दुसरीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

याला पूर्वी 'साडी कॅन्सर' म्हणायचे. या डॉक्टरांनी 'पेटिकोट कॅन्सर' हा शब्द वापरला, कारण दोष साडीचा नाही, कमरेला करकचून आवळलेल्या गाठीचा आहे.

आता हे खानदेशात आणून बघा. धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की मुंबई-आग्रा महामार्गावर सोनगीर लागतं. किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी ही गावाची ओळख. सोनगीर घ्या, शिरपूर घ्या किंवा जळगावकडचं एखादं खेडं घ्या. सत्तरीपुढच्या कितीतरी बायकांनी आयुष्य लुगड्यात काढलंय. त्यांच्या लेकी-सुना परकराच्या नाड्यावर आल्या. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि कमरेची ती रेघ दिवसभर ओली राहते.

पण मग एक प्रश्न पडायला हवा. वळ तर कोट्यवधी बायकांना पडतो. कॅन्सर अगदी मोजक्या जणींना होतो. उरलेल्यांना कोण वाचवतं? आणि त्या मोजक्या जणींच्या बाबतीत नेमकं काय बिघडतं?

याचं उत्तर कातडीतच राहणाऱ्या काही पेशींकडे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्या शोधाला मिळालं, तो शोधही यातल्याच एका पेशीचा आहे. नीट समजून घेऊ.

त्वचेत पहारा कोण देतं?

त्वचा म्हणजे शरीराला गुंडाळलेलं नुसतं कापड नाही. मोठ्या माणसाच्या त्वचेत साधारण २० अब्ज टी पेशी असतात, असा संशोधकांचा अंदाज आहे. टी पेशी म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या सैनिक पेशी. सगळ्या रक्तात मिळून जेवढ्या टी पेशी फिरतात, त्याच्या जवळपास दुप्पट एकट्या कातडीत मुक्कामाला असतात.

त्यांच्यासोबत अजून एक मंडळी राहतात. १८६८ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स नावाचा वैद्यकीय विद्यार्थी त्वचेच्या पातळ चकत्यांना रंग देऊन बघत होता. त्याला वरच्या थरात फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. फांद्या बघून त्याला वाटलं, या मज्जातंतूच्या पेशी असणार. त्या खरं तर पहारेकरी आहेत, हे कळायला पुढे शंभरहून जास्त वर्षं गेली. आज त्यांना लँगरहान्स पेशी म्हणतात. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या दर शंभर पेशींमागे तीन ते पाच या असतात.

त्यांचं काम सोपं करून सांगायचं, तर गावच्या वेशीवर बसलेल्या माणसासारखं. आपल्या फांद्या पसरून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला चाचपतात. कोण आलं, कुठून आलं, याचा नमुना उचलतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत जाऊन टी पेशींना दाखवतात. काखेत किंवा जांघेत गाठ सुजते ना, तीच ही ग्रंथी. तिथे ठरतं की याला मारायचं की जाऊ द्यायचं.

सगळी गोम या 'जाऊ द्यायचं'मध्ये आहे.

मारणं सोपं, सोडून देणं अवघड

रोगप्रतिकारशक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लढाई येते. कोविडनंतर तर 'इम्युनिटी वाढवा' हा मंत्रच झाला. काढा प्या, गोळ्या खा, इम्युनिटी वाढवा. पण त्वचेचा दिवसभराचा हिशेब बघा. साबण, धूळ, घाम, कुंकू, गिलटाचे दागिने, सिंथेटिक कापड, आणि कातडीवर कायम वस्तीला असलेले असंख्य जिवाणू. या प्रत्येकावर पहारेकरी तुटून पडले, तर आपण सुजून, खाजवून वेडे होऊ. त्यामुळे त्वचेचं रोजचं मोठं काम लढण्याचं नाही, सहन करण्याचं आहे. शास्त्रज्ञ याला 'टॉलरन्स' म्हणतात. आपण सहनशीलता म्हणू.

सोनगीरच्या भांड्यांवरून हे पटकन कळेल. पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. म्हणून आतून कल्हई करतात. कल्हई काही शिजवत नाही, तापवत नाही. ती फक्त नको ती प्रक्रिया होऊ देत नाही. त्वचेतली अशी कल्हई म्हणजे नियामक टी पेशी. बाकीच्या टी पेशी हल्ल्यासाठी उठल्या की या त्यांना आवरतात.

या पेशी असतात, हे जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं. त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. पुढचा पुरावा एका उंदराकडून आला, आणि तोही कातडीवरून. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत काही उंदीर जन्माला आले. त्यांची कातडी कोंडा झाल्यासारखी सुटायची, लसिकाग्रंथी आणि प्लीहा सुजायची, आणि नर काही आठवड्यांतच मरायचे. मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यामागचं बिघडलेलं जनुक शोधून काढलं आणि २००१ मध्ये ते जाहीर केलं. जनुकाचं नाव फॉक्सपी३. हे जनुक बिघडलं की नियामक टी पेशी नीट घडतच नाहीत. मग शरीराची फौज शरीरावरच तुटून पडते. माणसाच्या बाळांमध्येही हाच बिघाड क्वचित दिसतो. त्यात आतडी, स्वादुपिंड आणि कातडी, सगळ्यांवरच हल्ला होतो.

६ ऑक्टोबर २०२५ रोजी या तिघांना नोबेल जाहीर झालं.

ही सहनशीलता फार लवकर शिकली जाते. उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत नियामक टी पेशींची एक मोठी लाट त्वचेत येते. त्या काळात त्वचेवर जे निरुपद्रवी जिवाणू असतात, त्यांची 'हे आपलेच' अशी नोंद होते. तो काळ उलटल्यावर तेच जिवाणू पहिल्यांदा आले, तर त्यांना तशी सूट मिळत नाही. वेशीवर बसलेल्या लँगरहान्स पेशीही यात सामील आहेत. सगळं शांत असताना त्या शेजारच्या नियामक टी पेशींनाच चालना देत राहतात. जंतू शिरला की मात्र त्याच पेशी लढाईची हाळी देतात.

म्हणजे मारा म्हणणारा आणि थांबा म्हणणारा पहारेकरी एकच. फरक वेळेचा.

ब्रेक निसटला, तर कोड

आता हा ब्रेक एका जागी निसटला तर काय होतं, ते बघू. यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही. आपल्या गल्लीत, नात्यात कुणाला तरी कोड असतंच. जगात साधारण दर दोनशे माणसांमागे एक ते चार जणांना ते होतं.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना रंगपेशी म्हणू. कोडामध्ये मारेकरी टी पेशी या रंगपेशींना परकं समजतात आणि वेचून मारतात. नियामक पेशी त्यांना आवरायला कमी पडतात. झालं एवढंच. जंतू नाही, संसर्ग नाही, पाप नाही, मासे खाऊन वर दूध प्यायल्याचा परिणामही नाही.

आणि इथे आपला नाडा परत येतो. कोड असलेल्या अनेकांना जिथे सतत घासतं, दाबलं जातं किंवा लागतं, तिथेच नवे डाग उठतात. नाड्याची रेघ, चपलेच्या पट्ट्याखालची जागा, घड्याळाच्या पट्ट्याखालचं मनगट. घर्षणाने तिथल्या पेशी दुखावतात, धोक्याची सूचना जाते आणि आधीच चिडलेले पहारेकरी तिथे गोळा होतात. (कमरेवर रंग उडाला म्हणजे कोडच असं नाही. नुसत्या दाबानेही रंग जातो. ते डॉक्टर बघून सांगतात.)

डाग उपचाराने भरून येतो आणि औषध थांबवलं की बरोबर त्याच जागी पुन्हा उमटतो, हा अनेकांचा अनुभव. त्याचंही कारण सापडलंय. काही टी पेशी लढाई संपल्यावर परत जात नाहीत. त्या त्याच जागी तळ ठोकून बसतात आणि जुना 'शत्रू' लक्षात ठेवतात.

आपल्या भाषेने मात्र एक घोळ करून ठेवलाय. 'कोड' हा शब्द संस्कृत 'कुष्ठ'वरून आला. कोडाला 'श्वेतकुष्ठ' असंही म्हणायची पद्धत होती. नावामुळे दोन आजार लोकांच्या डोक्यात एक झाले. कुष्ठरोग जिवाणूमुळे होतो, त्यात चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथे बहुधा संवेदना कमी होते. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो आणि तिथे टाचणी टोचली तर नेहमीसारखीच टोचते. दोन्ही आजारांवर उपचार आहेत, आणि कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण या एका शब्दापायी किती लग्नं मोडली, किती मुली मागे राहिल्या, याची मोजदाद नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची 'श्वेता असोसिएशन' याच विषयावर काम करते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपटही कोड असलेल्या एका डॉक्टर मुलीचीच गोष्ट सांगतो.

आता यातला सगळ्यात चक्रावणारा भाग. रंगपेशींचा एक घातक कॅन्सर असतो, मेलॅनोमा. तो गोऱ्या लोकांत जास्त, आपल्याकडे कमी, आणि आपल्याकडे होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली. युरोपातल्या अभ्यासांत दिसलं, की कोड असलेल्यांना मेलॅनोमा होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी असतं. आणि मेलॅनोमाच्या ज्या पेशंटच्या अंगावर इम्युनोथेरपीनंतर पांढरे डाग उठतात, ते सरासरीने जास्त जगतात.

कारण सरळ आहे. रंगपेशी मारणारी जी फौज एका माणसाला कोड देते, तीच फौज दुसऱ्या माणसाच्या कॅन्सर झालेल्या रंगपेशी मारते. ज्या डागावरून आपण माणसाला घराबाहेर बसवलं, तो डाग म्हणजे पहारेकरी जास्तच जागे असल्याची खूण आहे.

ब्रेक अडकला, तर कॅन्सर

दुसरी बाजू उलटी. ब्रेक निसटण्याऐवजी दाबलेलाच राहिला तर?

१९७० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ मार्गारेट क्रिप्के यांनी एक साधा पण फार मोलाचा प्रयोग केला. त्यांनी उंदरांना अतिनील किरण देऊन त्वचेचा कॅन्सर घडवला. मग ती गाठ काढून दुसऱ्या, धडधाकट उंदराच्या अंगात बसवली. त्या उंदराच्या शरीराने ती फेकून दिली. म्हणजे ही गाठ ओळखता येत होती आणि मारताही येत होती. पण ज्या उंदरांना आधी काही काळ अतिनील किरण दिले होते, त्यांच्यात तीच गाठ आरामात वाढली. किरणांनी फक्त पेशी बिघडवल्या नव्हत्या, पहाऱ्यालाही 'जाऊ दे' शिकवलं होतं.

माणसांत याचा पुरावा किडनी बदललेल्यांमध्ये मिळतो. नवी किडनी शरीराने फेकून देऊ नये, म्हणून त्यांना रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत अशा लोकांना त्वचेचा स्क्वेमस कॅन्सर होण्याचं प्रमाण ६५ पट किंवा त्याहूनही जास्त आढळलं. स्क्वेमस म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर. वर्ध्याच्या अहवालातल्या दोघींना झालेला कॅन्सर याच जातीचा. किडनी बदललेल्यांचे हे आकडे वाचले की लक्षात येतं, की पहारेकरी जागे असताना आपल्याला न कळता किती बिघडलेल्या पेशी रोज निस्तरल्या जात असतील.

कॅन्सर मात्र या पहाऱ्याला लाच देतो. २००८ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी माणसांच्या त्वचेतल्या स्क्वेमस कॅन्सरच्या गाठी तपासल्या. गाठीत शिरलेल्या टी पेशींपैकी जवळपास निम्म्या नियामक निघाल्या. म्हणजे पोलीस आले होते, पण त्यातले निम्मे 'शांत राहा, काही झालेलं नाही' म्हणणारे.

काही वेळा तर पहारेकरीच कामी लागतात. २०१२ मधल्या एका प्रयोगात उंदरांच्या कातडीला कॅन्सर घडवणारं रसायन लावलं. लँगरहान्स पेशी असलेल्या उंदरांना जास्त गाठी आल्या, नसलेल्यांना कमी. त्या पेशींनीच ते रसायन पचवून जास्त घातक रूपात बदललं होतं. म्हणून 'इम्युनिटी वाढवली की कॅन्सर होत नाही' हे वाक्य ऐकलं की जरा थांबा. प्रश्न पहारा किती याचा नाही, कोण कधी काय करतंय याचा आहे.

आता नाड्याच्या जखमेकडे येऊ. रोज तीच जागा घासते. कातडी फाटते, पहारेकरी धावतात, सूज येते, दुरुस्ती सुरू होते. नियामक पेशी सूज आवरतात, जखम भरायला मदत करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नाडा. असं वर्षानुवर्षं. प्रत्येक दुरुस्तीत नव्या पेशी बनतात आणि प्रत्येक वेळी बनवताना चूक होण्याची शक्यता असते. शिवाय जुन्या व्रणात रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या कमी असतात, त्यामुळे पहारेकऱ्यांना तिथे पोचायला वाटही धड नसते, असं डॉक्टर सांगतात. चूक झालेली पेशी तिथे लपून वाढते.

जुनी भाजल्याची खूण, वर्षानुवर्षं न भरणारी जखम, हाडापर्यंत गेलेला व्रण, कुष्ठरोगात तळपायाला झालेली जखम, यातही असाच कॅन्सर होऊ शकतो. फ्रेंच सर्जन मार्जोलँ यांनी १८२८ मध्ये अशा जखमांचं वर्णन केलं, म्हणून त्याला मार्जोलँ अल्सर म्हणतात. जखम आणि कॅन्सर यांच्यात सरासरी तीस वर्षांचं अंतर असतं. म्हणून तो म्हातारपणी दिसतो. गोऱ्या लोकांत त्वचेचा कॅन्सर मुख्यतः उन्हाने होतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तो जुन्या व्रणात आणि सततच्या जखमेत होण्याचं प्रमाण मोठं आहे. त्यामुळे आपला धोका सनस्क्रीनच्या जाहिरातीत दिसत नाही.

हे मुंबईत ऐंशी वर्षांपूर्वीच कळलं होतं

वाटेल की ही सगळी नवी माहिती. तर नाही.

१९४१ मध्ये मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक मानले जातात ते. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाई यांनी मिळून एक शोधनिबंध छापला. विषय होता, लोकांच्या रोजच्या सवयी आणि त्यातून होणारे कॅन्सर. त्यात 'धोतर कॅन्सर' आहे. धोतराची कमरेची गाठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासून झालेला. काश्मीरमध्ये फिरनच्या आत पोटाशी कांगडी धरून बसणाऱ्यांना होणारा कॅन्सर तर त्याही आधीपासून माहीत होता.

पुढे काय झालं? पुरुषांनी धोतर सोडलं, पँट घातली, पट्टा आला. पट्टा रुंद असतो आणि कपड्यावरून बसतो, थेट कातडीवर नाही. धोतर कॅन्सर जवळपास विस्मरणात गेला. बायकांचा नाडा मात्र तसाच राहिला. २०२४ मध्ये तीच गोष्ट आपण 'नवा आजार' म्हणून वाचली.

अडकलेला ब्रेक सोडवता येतो का?

येतो. २०१८ चं नोबेल त्यासाठीच होतं. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांनी टी पेशींवरचे दोन ब्रेक शोधले. त्यातल्या एकाचं नाव पीडी-१. कॅन्सर हा ब्रेक दाबून धरतो. त्यावर बसणारं औषध दिलं की पाय सुटतो आणि टी पेशी कामाला लागतात. त्याच वर्षी अमेरिकेत सेमिप्लिमॅब नावाच्या अशा औषधाला पसरलेल्या स्क्वेमस त्वचा कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. जवळपास निम्म्या पेशंटमध्ये गाठी आक्रसल्या.

पण दोन अडचणी आहेत. पहिली, ब्रेक सोडला तर तो सगळीकडेच सुटतो. काहींना आतड्याला सूज येते, थायरॉइड बिघडतं, अंगावर पुरळ किंवा पांढरे डाग उठतात. दुसरी अडचण पैशाची. या औषधांचा पूर्ण खर्च लाखांत जातो. कापूस विकून घर चालवणाऱ्या माणसाला तो ऐकूनच घाम फुटतो.

इथे पुन्हा टाटा मेमोरियलचं नाव येतं. तिथल्या डॉक्टरांनी तोंड आणि घशाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर अभ्यास केला आणि तो २०२२ मध्ये छापला. गुटखा-तंबाखूमुळे खानदेशात हा कॅन्सर घरोघरी माहीत आहे. अर्ध्या पेशंटना तोंडाने घ्यायची स्वस्त औषधं दिली. उरलेल्यांना त्यासोबत पीडी-१ वरचं निवोलुमॅब दिलं, पण नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी, दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम. एका वर्षानंतर पहिल्या गटातले १६.३ टक्के पेशंट हयात होते, दुसऱ्या गटातले ४३.४ टक्के. हा अभ्यास त्वचेच्या कॅन्सरचा नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण ब्रेक थोड्या औषधातही सुटू शकतो, हे त्यातून दिसलं.

तरीही खरं सांगायचं, तर नाड्याच्या कॅन्सरला बहुतेकदा या महागड्या औषधाची गरजच पडू नये. लवकर कळला, तर तेवढा भाग कापून काढणं हाच मुख्य उपचार असतो. लाखांचा खर्च उशीर झाल्यावर येतो.

मलमाचं काय?

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. खाज सुटली, डाग आला की आपण मेडिकलमध्ये जातो आणि 'खाजेची ट्यूब द्या' म्हणतो. त्यातल्या अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड काय करतं? वर सांगितलेल्या सगळ्या पहारेकऱ्यांना झोपवतं. म्हणून दोन दिवसांत आराम पडतो. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलं, तर ते चांगलं औषध आहे. कोडावरही देतात, कारण तिथे पहारेकऱ्यांना झोपवायचंच असतं.

पण गजकर्णावर तेच लावलं, तर बुरशीला मोकळं रान मिळतं. देशभर औषधाला न जुमानणारा नायटा पसरलाय, त्यामागचं एक कारण हेच असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. आणि न भरणाऱ्या जखमेवर महिनोन्महिने तीच ट्यूब चोपडली, तर पहारा झोपतो आणि तपासणी लांबते. सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कागदावर.

मग करायचं काय?

घाबरायचं नाही. कमरेला वळ असलेल्या बहुसंख्य बायकांना कॅन्सर होत नाही. पण एवढं करा:

नाडा सैल बांधा आणि रुंद घ्या. सुतळीसारख्या नाड्याऐवजी रुंद पट्टीचा परकर बरा. गाठ रोज त्याच जागी येऊ देऊ नका, थोडी वर-खाली, डावी-उजवी करा. घरी असताना सैल कपडे घाला. कमर धुवा आणि कोरडी ठेवा.

कुठलीही जखम चार आठवड्यांत भरली नाही, तर दाखवा. तिची कड उचललेली किंवा कडक झाली, हात लागला की रक्त यायला लागलं, वास यायला लागला, किंवा जुन्या व्रणावर नव्याने फोड आला, तर चार आठवडेही थांबू नका. जांघेत गाठ लागत असेल तर तीही सांगा.

डॉक्टर तुकडा तपासायला काढू म्हणाले तर 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' हे ऐकून परत येऊ नका. तसं होत नाही. तुकडा काढल्याशिवाय जखम साधी आहे की कॅन्सर, हे खात्रीने सांगता येत नाही. खानदेशातल्या लोकांसाठी धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे जवळचे पर्याय आहेत.

आणि खडूसारखा पांढरा डाग असेल, तर तो लपवू नका आणि कुणाला त्यावरून बोलूही नका.

राहता राहिली एक अडचण, जी कुठल्याच औषधाने सुटत नाही. मराठीत आपण म्हणतो, 'दुखणं अंगावर काढलं.' वर्ध्याच्या अहवालातली एक बाई दीड वर्षं, दुसरी दोन वर्षं जखम घेऊन जगली. कमरेची जागा, दाखवायची कुणाला? डॉक्टर पुरुष असेल तर? शेतीची कामं, घरातला स्वयंपाक, पोराची सुट्टी. त्वचेतले पहारेकरी सहन करायला शिकलेत, कारण त्यावर आपण तगून आहोत. घरातल्या बायकाही सहन करायला शिकल्यात. पहिल्या सहनशीलतेला ब्रेक कधी सोडायचा ते कळतं, निदान बहुतेक वेळा. दुसरीचा ब्रेक बाहेरून कुणीतरी सोडवावा लागतो.

त्यामुळे हा लेख फॉरवर्ड करायचा असेल तर जरूर करा. पण ज्या आजीने आयुष्यभर लुगडं नेसलंय, तिच्याकडे बहुधा हा मेसेज पोचणार नाही. तिला प्रत्यक्षच विचारा, "आजी, कमरेला कुठं न भरणारी जखम आहे का गं?" पहिल्यांदा ती "काही नाही रे" म्हणेल. घरातल्या एखाद्या बाईला सांगून पुन्हा विचारायला लावा.